बर्फासाठी तयार म्हणून गळ्यात मारलेली पिकअप

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) पिकअप ‘बर्फासाठी एकदम रेडी’ आहे असं सांगून कुणी गोव्यात विकत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

आम्ही डिचोलीचे. धाकट्या भावाचा मनालीजवळ हिवाळी ट्रेकचा व्यवसाय आहे. तंबू, स्टोव्ह, शिधा वर चढवायला त्याला डिझेल पिकअप हवी होती, आणि ती बघायचं काम माझ्याकडे आलं. म्हापशाकडच्या एका व्यापाऱ्याने गाडीच्या किमतीवर ‘विंटर किट’चे म्हणून 85,000 रुपये वेगळे घेतले. स्नो टायर, अँटीफ्रीझ कूलंट (रेडिएटरमधलं, थंडीत न गोठणारं द्रव), नवी बॅटरी, चाकांच्या चेन असं सगळं त्यात होतं. बिलावर मात्र एकच शब्द लिहिला: ‘ॲक्सेसरीज’.

गोव्यात असली फसवणूक का खपते ते आधी सांगतो. इथे जानेवारीतल्या पहाटेही पारा 20 अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही, टायरचं रबर आखडत नाही, बॅटरी दमत नाही. थंडीसाठी म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं काहीच इथे चालवून पारखता येत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

सर्वात मोठी लबाडी फोर बाय फोरमध्ये होती. व्यापाऱ्याने आमच्या समोर नॉब 4H वर, म्हणजे चारही चाकं चालवायच्या खुणेवर, फिरवला, मीटरवर हिरवा दिवा लागला. ‘बाब, बघा, चारही चाकं लागली,’ म्हणाला. बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. मागच्या फळीवरचं ‘4x4’ स्टिकर आणि तो दिवा पाहून भावालाही सोडलं. पुढे चढावर सामानाने भरलेली गाडी जागीच थांबली. मागची चाकं गरागरा फिरत होती, पुढची ढिम्म. मग ती तशीच मागे घसरत गेली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात रुतली म्हणून वाचली. दुसऱ्या बाजूला दरी होती. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

मनालीतला मेकॅनिक फळीवर पाठ टेकून गाडीखाली गेला आणि त्याने भावाला मोबाईलवर फोटो काढायला लावला. ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, दोन प्रोपेलर शाफ्ट (फिरते दांडे) निघतात, एक मागच्या एक्सलकडे, एक पुढच्या. पुढचा शाफ्टच काढून टाकलेला होता. त्या जागी पत्र्याची गोल चकती चार बोल्टांनी आवळून तिच्यावर काळं ग्रीस फासलं होतं. शाफ्ट नसला तरी नॉब फिरवला की ट्रान्स्फर केस बदलते आणि तिथला स्विच दिवा लावतो. पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाही. डांबरी रस्त्यावर फेरी मारून हे कळायचं नाही. गाडी पिटावर चढवून खालून दोन्ही शाफ्ट डोळ्यांनी बघा. मग पावसाने भिजलेल्या शेतात किंवा भुसभुशीत मातीत 4H लावून पुढची चाकं खरंच ओढतात का ते दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून पाहायला सांगा. एवढं गोव्यातही जमतं.

टायरवर M+S अक्षरं होती, तीच दाखवून त्याने ‘स्नो टायर’ म्हटलं. ही अक्षरं कंपनी खाचांच्या नक्षीवरून टाकते, त्यासाठी बर्फातली चाचणी लागत नाही. चाचणीत उतरलेल्या टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण असते. ती आमच्या टायरांवर नव्हती. शिवाय पॉलिश मारून काळेभोर केलेल्या त्या टायरांचा DOT आकडा (टायर कधी बनला ते सांगणारा) 2317 ने संपत होता, म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल.

कूलंट हिरवागार होता. मेकॅनिकने त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे द्रव किती थंडीत गोठेल ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर टाकून उजेडाकडे धरला. उणे 5 च्या आसपासच गोठणार असं दिसलं. ग्लायकॉल (न गोठू देणारं रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 अंशांपर्यंत टिकतं. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही फोडू शकतं. थंड रात्री गाडी उघड्यावर राहिली असती तर इंजिन गेलं असतं. हे उपकरण फार महाग नाही, बऱ्या गॅरेजमध्ये असतं. आपल्या समोर तपासायला लावा, रंगावर जाऊ नका. बॅटरी घेताना तिच्यावरचा CCA आकडा, म्हणजे थंडीत गाडी सुरू करायची तिची ताकद, वाचा. तो उणे 18 अंशांना मोजलेला असतो. आमच्या बॅटरीवर जुन्या लेबलावर नवं लेबल चिकटवलेलं होतं.

डिझेलमध्ये टाकायची एक बाटलीही त्याने किटमध्ये खपवली. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, हे खरं. पण म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. थंड प्रदेशात शिरलात की टाकी तिथल्या पंपावरच भरायची. गोव्यातून नेलेल्या बिननावाच्या बाटलीवर इंजिन सोपवू नका.

व्यापारी आता म्हणतो, गाडी गोव्याबाहेर गेली, माझी जबाबदारी संपली. तसं काही नसतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. ‘ॲक्सेसरीज’ एवढ्याच शब्दाच्या बिलावर आमची बाजू लंगडी पडली असती, पण किटमधली एकेक वस्तू त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली होती. ते मेसेज, मेकॅनिकचा सहीचा अहवाल आणि त्या चकतीचे फोटो जोडून उत्तर गोव्याच्या जिल्हा आयोगात आम्ही तक्रार दाखल केली आहे. चकती सोडवून घेतली आहे. ती बोल्टांसकट आमच्याकडे आहे.