बाबांच्या 486 च्या कॅबिनेटमध्ये नवा पीसी : आठ महिन्यांनंतर

एप्रिलमधल्या एका दुपारी व्हिडिओ रेंडर होत असताना पीसी बंद पडला. बाबांच्या जुन्या 486 कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये नोव्हेंबरपासून रायझन 5 5600जी हा प्रोसेसर चालतोय आणि डिसेंबरभर मी भेटेल त्याला सांगत होतो, नव्या कॅबिनेटवर पैसे घालवू नका. ते मत आता अर्धं मागे घेतोय.

आधी स्विचबद्दल, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच केला. त्या कॅबिनेटचा पॉवर स्विच दाबला की ‘खट्’ वाजतं. बाबांनी तो दाबला की आम्ही दोघं भावंडं स्टुलं ओढून शेजारी बसायचो. मला तोच हवा होता. पण जुन्या एटी (त्या काळच्या पीसीची रचना) स्विचमधून थेट 230 व्होल्ट जायचे. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, काळी, पांढरी, निळी आणि तपकिरी अशा चार वायरी पुढच्या बटणापर्यंत यायच्या. त्या नव्या मदरबोर्डला (पुढे नुसता बोर्ड) कधीही लावू नका. एटीएक्स, म्हणजे आजच्या रचनेच्या, बोर्डाला दोन पिना क्षणभर जोडल्या की पुरतं. बटण आत अडकून राहिलं, तर चारेक सेकंदांत बोर्ड बंद होतो.

माझं पहिल्याच दिवशी हेच झालं. बोर्ड खराब समजून दुकानात नेला, तर कॅबिनेट बघूनच वॉरंटी नाकारली. “पत्रा कापलाय, आमच्याकडे येणार नाही.” पत्रा कॅबिनेटचा कापलाय, बोर्डाला ओरखडासुद्धा नाही, हे तासभर सांगत होतो. शेवटी त्यांच्याच काउंटरवर स्क्रूड्रायव्हरने दोन पिना टेकवल्या आणि बोर्ड चालू झाला. दोष स्विचचा होता, पण त्यांचं उत्तर मला आजही पटलेलं नाही.

घरी येऊन स्विच उघडला. खाचेत फिरणारी सुईएवढी वाकडी तार बटण आत धरून ठेवते. ती चिमट्याने काढली. आता बटण दाबलं की परत वर येतं. ‘खट्’ थोडा मऊ झालाय, पण आहे.

मागच्या बाजूला कीबोर्डचं एक गोल भोक तेवढं होतं. मिनी आयटीएक्स नावाचा छोटा चौकोनी बोर्ड 170 मिमीचा, आत सहज बसला. पोर्टांसाठी साधारण 159 बाय 45 मिमीचा आयत फॅब्रिकेशनवाल्याकडून 400 रुपयांत कापून घेतला.

खरी अडचण हवेची. 486 ला लहानसा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) पुरायचा आणि गरम हवा एसएमपीएसचा पंखाच बाहेर ओढायचा. पुढच्या बाजूला हवा आत यायला तळाशी चार फटी, बस्स. थंडीत हे जाणवलं नाही. एप्रिलमध्ये प्रोसेसर 95 अंशांना टेकला, आधी संथ झाला आणि मग सगळंच बंद पडलं.

सीडी ड्राइव्हच्या खणाची झाकणं काढून मागे 80 मिमीचा पंखा लावला, 350 रुपये. आता रेंडर करताना 78 च्या वर जात नाही. पण पंखा पूर्ण वेगात फिरला की रात्री आवाज खुपतो. म्हणून त्याच्या वायरी कॅबिनेटच्या जुन्या टर्बो (वेग बदलायच्या) बटणातून नेल्या : बटण बाहेर असताना 7 व्होल्ट, आत असताना 12. कॅबिनेटच्या पुढचा, टर्बोबरोबर बदलणारा मेगाहर्ट्झचा हिरवा आकडा पूर्वीही वेग मोजत नव्हता, जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) ठरवलेलाच दाखवायचा. तो तसाच ठेवलाय.

दिवसभर रेंडर करणार असाल तर साडेतीन हजारांचं नवं कॅबिनेट घ्या, इथे मी चुकलो होतो. हिशेब, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर जुनं भंगारात देऊ नका.

उन्हाळाभर दुपारी बारा वाजले की टर्बो दाबायचो. 33 चे 66 व्हायचे आणि पंखा वेग घ्यायचा.