आमच्या युनियनचा हिशोब – 11 वर्षं वर्गणी भरणाऱ्या मेंबरचा रिव्ह्यू

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या युनियनबद्दल लिहितोय, नाव घेत नाही कारण माणसं अजून तिथेच आहेत आणि मी पण तिथेच आहे. हॉटेलात भाजी खारट लागली तरी आपण लगेच रिव्ह्यू टाकतो, मग जिच्यासाठी दर महिन्याला पगारातून 100 रुपये कटतात त्या युनियनबद्दल का लिहू नये. 5 पैकी साडेतीन स्टार देतो. 2021 ला विचारलं असतं तर दीड दिला असता.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरं आहे. पगारवाढीचे करार करण्यात आमच्या युनियनचा हात कोणी धरत नाही. तीन पोरं सस्पेंड झाली होती, त्यांची केस औद्योगिक न्यायालयापर्यंत लढवली आणि तिघंही परत मशीनवर उभी राहिली. रात्री दोनला अपघात झाला तरी सरचिटणीस हॉस्पिटलला हजर. यात एक टक्का कमी करणार नाही.

प्रॉब्लेम होता तो पैशाचा. 2021 ला करार झाला आणि फरकाची म्हणजे मागच्या महिन्यांच्या वाढीव पगाराची रक्कम मिळाली तेव्हा प्रत्येकाकडून 5000 रुपये युनियन फंड म्हणून घेतले. आम्ही 430 जण, म्हणजे साडेएकवीस लाख. आणि पावती? पावतीपुस्तक संपलंय, नंतर देऊ. ती नंतर आलीच नाही. शिवाय वर्षाची वर्गणी पाच लाखाच्या वर जाते ती वेगळीच. गेट मीटिंगला मी हात वर करून विचारलं की याचा हिशोब कधी मांडणार, तर स्टेजवरून उत्तर आलं, "भाऊ, विश्वास नाही का आमच्यावर?" आणि पुढच्या रांगेतले चारपाच जण मागे वळून माझ्याकडे असं बघायला लागले जसं काही मी मॅनेजमेंटचा माणूस आहे. ते लई लागलं मनाला. विश्वास होता म्हणूनच तर 5000 दिले ना, पावती न घेता.

मग एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) कलम 20 होतं, त्यात मेंबरला हिशोबाची पुस्तकं आणि मेंबर लिस्ट बघायचा हक्क दिला होता, आणि कलम 28 प्रमाणे 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा ऑडिट केलेला जमाखर्च रजिस्ट्रारकडे, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवावाच लागायचा. मला हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं. साध्या कागदावर अर्ज लिहिला, दोन कॉपी, एकीवर पोच घेतली. तीन आठवडे आज या उद्या या चाललं. पण एक सांगतो, शेवटी खजिनदार काकांनी स्वतः बोलावून घेतलं.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ऑफिसला गेलो. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे यांचा फोटो, त्याला हार, खाली लोखंडी कपाट. काकांनी किल्ली लावून लाल कापडी बांधणीची कॅशबुक काढली, चष्मा पुसला आणि म्हणाले बस, पानं मीच उलटतो, काही ठिकाणी माझं अक्षर तुला लागणार नाही. दोन तास बसलो आम्ही. मला वाटलं होतं मोठी चोरी सापडेल, तसं काही नव्हतं. वकिलांची फी, केसचा खर्च, मयत मेंबरच्या घरी दिलेली मदत, सगळं तारखेनिशी. पण मध्येच "प्रवास व इतर" 18,400, व्हाउचर नाही. एका पक्षाच्या सभेला गाड्या, 22,000. आणि एका कमिटी मेंबरला हातउसने 60,000, पेन्सिलने लिहिलेले. पेन्सिलने! काकांना विचारलं तर ते खाली बघून म्हणाले, मला सांगितलं लिही, मी लिहिलं.

कायदा काय म्हणत होता ते बघा. युनियनचा जनरल फंड कशावर खर्च करायचा याची यादीच त्या 1926 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये होती आणि पदाधिकाऱ्याला हातउसने त्यात बसत नव्हतं. राजकारणासाठी वेगळा फंड लागतो, तो पण ज्याला द्यायचाय त्यानेच द्यायचा, सक्ती नाही. आणि आमची युनियन 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे, म्हणजे कार्यकारिणीची मीटिंग निदान तीन महिन्यांतून एकदा आणि प्रत्येक ठराव मिनिट बुकात पाहिजे. साठ हजाराचा ठराव कुठेच नव्हता.

2022 च्या सर्वसाधारण सभेत हे सगळं मी वाचून दाखवलं. आरडाओरडा झाला, माइक बंद केला, मग ज्या तीन पोरांची केस युनियनने लढवली होती त्यातलाच एक उठला आणि म्हणाला, मला युनियनने वाचवलं म्हणूनच सांगतो, हिशोब द्या. त्यानंतर सभागृह गप्प झालं. 60,000 चार हप्त्यांत परत आले, गाड्यांचे पैसे ज्यांनी ठरवल्या त्यांनी भरले, 18,400 चं काही झालं नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या दहा तारखेला कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर एक पानाचा जमाखर्च लागतो. जमा, खर्च, बँकेत शिल्लक, खाली दोन सह्या. 2000 च्या वरचा खर्च चेकनेच. लोकं चहाचा कप हातात घेऊन वाचतात, बोट ठेवून बेरीज करतात. गेल्या वर्षी मयत निधीसाठी जास्तीचे 200 रुपये मागितले तेव्हा एकानेही कुरकुर केली नाही आणि हे मी स्वतः बघितलंय. आधी असं काही मागितलं की निम्मे लोक टॉयलेटला जायचे.

दीड स्टार का कापला ते पण सांगतो. हिशोब लिहायला मदत करणारा आणि ऑडिट करणारा माणूस एकच आहे, हे मला अजिबात पटत नाही, कुंपणानेच शेत राखायचं आणि त्यानेच पीक मोजायचं असं कसं चालेल. दुसरं, रजिस्ट्रारकडे वर्षाचं रिटर्न म्हणजे जमाखर्च पाठवला का याची पोच अजून कोणी दाखवत नाही, फक्त पाठवलं म्हणतात. आणि नवीन पोरांना मेंबर करताना नियमावलीची कॉपी देत नाहीत, मागितली की झेरॉक्सवाला बंद आहे.

नवीन लागलेल्यांनी मेंबर जरूर व्हा, बाहेर राहून काही होत नाही. पण पावती घ्या आणि अर्जाची पोच ठेवा. काका पुढच्या जूनमध्ये रिटायर होतायत, त्यांच्या जागी कोण बसणार हे ठरायच्या आधी लाल कॅशबुक, पावतीपुस्तकं आणि कपाटाची किल्ली सगळ्यांसमोर मोजून ताब्यात द्यावी असा अर्ज मी कालच दिलाय, 37 जणांच्या सह्या आहेत त्यावर. पहिली सही काकांची.