ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : आठ महिन्यांचा वापर आणि तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिली चार-पाच मिनिटे मिसिंग करत असे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने इंजिन झटके देई, आणि इंजिन तापले की ते इतके पूर्ण थांबे की आपल्यालाच भास झाला असावा असे वाटे. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन गरम झालेले असल्यामुळे मेकॅनिकला दोष कधीच दिसला नाही. तरीही दोन फेऱ्यांत चारही स्पार्क प्लग आणि एक इग्निशन कॉइल बदलून झाली होती. त्यानंतर मी हा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, घेतला. काड्यापेटीएवढा हा डबा स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवरच्या ॲपशी ब्लूटूथने जोडला जातो.

पहिल्या दिवशीची चूक माझीच होती. पी-०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग) हा कोड दिसताच मी उत्साहाने ‘क्लिअर’चे बटण दाबले, आणि कोडसोबत त्याची फ्रीज फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होते याची नोंदही पुसली गेली. ॲपमध्ये हे बटण फारच हाताशी ठेवले आहे, ही या वस्तूबद्दलची माझी पहिली तक्रार. चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागायला नऊ दिवस गेले. पण त्या वेळच्या फ्रीज फ्रेममध्ये कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान २७ अंश, वेग शून्य आणि आरपीएम ८४० असे स्पष्ट दिसले. दोष थंड इंजिनावर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) येतो, हे मी तोंडाने सांगत होतोच. आता ते कागदावर दाखवता येत होते.

कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो, कारण नव्हे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, गतीत प्रत्येक सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकला जो बारीकसा झटका अपेक्षित असतो, तो कोणाच्या वेळी कमी पडला एवढेच ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पाहतो. ठिणगी पडली नाही, पेट्रोल कमी आले की हवा जास्त आली, हे त्याला त्यावरून कळत नाही. म्हणून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, पुढच्या आठवड्यात प्लगचीही तशीच अदलाबदल केली. दोष कॉइलचा किंवा प्लगचा असता तर कोड पी-०३०१ झाला असता. तो तिसऱ्यावरच ठाण मांडून बसला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) वेगळ्या गेजने मोजले (ते काम स्कॅनरचे नव्हेच), आणि चारही आकडे जवळपास सारखे निघाले.

खरा उपयोग झाला तो ॲपमध्ये खोल दडलेल्या ‘मोड ०६’ या पानाचा. तेथे प्रत्येक सिलिंडरची चालू फेरीतली (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतची) मिसफायरची, म्हणजे मिसिंगची, मोजणी आणि मागच्या दहा फेऱ्यांची सरासरी मिळते. दिवा लागण्याची वाट न पाहता मला रोज सकाळी आकडा वाचता येऊ लागला: तिसऱ्यावर कधी ६०, कधी १४०, बाकीच्या तिघांवर शून्य किंवा एखाद-दुसरा.

याच्या जोडीला फ्युएल ट्रिमचा आलेख ठेवला. मिश्रणात हवा जास्त वाटली की ईसीयू पेट्रोल जितके टक्के वाढवतो, तो अधिकचा ट्रिम; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा. सुरुवातीचे काही क्षण ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसल्याने शॉर्ट टर्म ट्रिम शून्यावर स्थिर असे, आणि मग तो अधिक १८ टक्क्यांपर्यंत चढे. त्याच अवस्थेत आरपीएम २५०० वर धरला की अधिक ५ वर उतरे, आणि इंजिन तापल्यावर आयडललाही ५-६ च्या आसपास राही. पेट्रोलचा दाब कमी असता तर जास्त आरपीएमवर ट्रिम वाढला असता. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जास्त असतो आणि आत येणारी एकूण हवा थोडी असते, त्यामुळे चोरवाटेने शिरलेल्या हवेचा हिस्सा तेव्हाच मोठा ठरतो. (माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे म्हणून हे इतके स्वच्छ दिसले, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत ट्रिम एवढा बोलका नसतो.)

हे आलेख घेऊन मी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली आणि सकाळी थंड इंजिनावर स्मोक टेस्ट करून घेतली, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहिले. तिसऱ्या पोर्टच्या (त्या सिलिंडरच्या हवेच्या तोंडाच्या) खालच्या कडेने, जिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, तिथून उदबत्तीसारखी धुराची एक रेघ वर आली. मॅनिफोल्ड उतरवल्यावर तिथल्या गॅस्केटचे रबर चपटे आणि कडक झालेले होते, नखाने दाबले तर खूणही उमटत नव्हती. शेजारच्या पोर्टचे मात्र अजून मऊ होते. इंजिन तापले की भाग प्रसरण पावून ती फट बंद होत असे.

आता उरलेल्या तक्रारी. एकाच वेळी आठ-दहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा इतक्या संथपणे बदलतो की क्षणिक घटना निसटून जातात. दोन किंवा तीनच लावावेत. एखादा इंजेक्टर मुद्दाम बंद करून पाहण्यासारख्या चाचण्या यावर होत नाहीत, त्यासाठी महागडे यंत्रच लागते. गाडी दोन आठवडे उभी असताना मी तो सॉकेटमध्येच विसरलो आणि बॅटरी उतरली, कारण त्या सॉकेटला किल्ली काढल्यावरही वीज मिळत राहते. तेव्हापासून काम झाले की तो काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो.

गॅस्केट बदलून तीन महिने झाले. आज सकाळी थंड इंजिनावर ट्रिम अधिक ३ होता, आणि तिसऱ्या सिलिंडरची दहा फेऱ्यांची सरासरी शून्य.