सात महिने ड्रोग वापरल्यावर

ड्रोग म्हणजे बोटीचा वेग आवरायला मागून ओढायचं साधन. पहिल्यांदा शांत पाण्यात ओढून पाहिला तेव्हा वाटलं, फसलो. बोट ३ नॉटने (ताशी साधारण साडेपाच किलोमीटर) चाललेली आणि मागे ड्रोग ओल्या पिशवीसारखा निमूट येतोय. वेगात नाव घेण्यासारखा फरक नाही. घडी घालून कोपऱ्यात टाकला.

बोट शिडाची, ९ मीटरची. ड्रोग म्हणजे जाड कापडाचा शंकू, तोंड मोठं, शेपटीला लहान भोक. हा मागून सोडायचा. बोटीच्या पुढून सोडतात तो सी-अँकर, पॅराशूटसारखा. त्याने बोट वाऱ्याकडे तोंड करून जवळजवळ जागेवर राहते. घेताना दोहोंत गल्लत करू नका.

खरी परीक्षा चौथ्या महिन्यात झाली. लाटा मागून, उतारावर बोट ८-९ नॉटवर, आणि दर वेळी मागचा भाग बाजूला फिरू पाहणारा. अशात बोट लाटेला आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. ड्रोग सोडला, दोर ताणला गेला, वेग साडेचारवर आला. सुकाणूशी चाललेली कुस्ती थांबली. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग तिप्पट, तर ओढ नऊपट. बंदरात झोपलेला ड्रोग इथे का जागा झाला ते तेव्हा कळलं. विमानांचंही तेच. स्पेस शटलला १९९२ पासून ब्रेक-पॅराशूट होतं. धावपट्टीवर वेग जास्त असतानाच ते उघडायचं आणि यान थांबण्याआधी सोडून द्यायचे.

आता तक्रारी. ४० मीटर दोरावर ड्रोग मधूनच लाटेतून बाहेर उसळायचा. क्षणभर दोर सैल, मग हाडं खिळखिळी करणारा हिसका. दोर ८० मीटर केला, ड्रोगच्या आधी ४ मीटर साखळी जोडली, तेव्हा तो खाली राहू लागला. दोर नायलॉनचाच हवा, ताणला जाऊन हिसका पचवतो. पण कडेला घासून अर्ध्या तासात त्याचे तंतू पिंजल्यासारखे फुलले होते. आता तिथे जुन्या होजचा तुकडा चढवतो आणि तासाभराने दोर वीतभर सरकवतो.

परत ओढणं म्हणजे शिक्षा. विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या फिरकीवर, ४० मिनिटं, तीही वारा पडल्यावर. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने वाताहत झाली, त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी अभियंत्याने एकाच दोरावर शंभरावर छोटे शंकू ओवलेला ड्रोग बनवला. तो असा उसळत नाही, पण परत ओढायला याहून किचकट म्हणतात, म्हणून मी अजून एकशंकीवरच आहे.

शिवण शाबूत आहे, एका पट्ट्याची कड तेवढी उसवतेय. शॅकलची, म्हणजे दोर-साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन मात्र तारेने बांधा. माझी एकदा अर्धी उघडलेली सापडली.