आठ तिकिटांवर एकच क्यूआर

परवा रात्री इन्स्टाग्रामवर इमॅजिका पार्कच्या स्वस्त ग्रुप तिकिटांची तीच खोटी जाहिरात पुन्हा दिसली. पानाचं नाव बदललंय, पण फोटो तोच, ‘फक्त ५० ग्रुपसाठी’ हे वाक्य तेच आणि खाली व्हॉट्सॲपचं हिरवं बटणही तेच. म्हणून हे लिहायला बसले. गेल्या नोव्हेंबरात या जाहिरातीपायी आमचे १८,४०० रुपये गेले. त्यातले निम्मे तर पार्कच्या गेटबाहेर, आठ जणी एकमेकींना खेटून उभ्या असताना गेले. मला जास्त सांगायचंय ते त्या दुसऱ्या निम्म्याबद्दल.

आम्ही आठ जणी वाशीच्या कॉलेजातल्या. आता कुणी ऐरोलीला, कुणी घणसोलीला, कुणी नेरुळला, एक कळव्याला, मी कोपरखैरण्याला. शाळेत असताना गोराईला एस्सेलवर्ल्डला सगळ्यांची एकेक सहल झालेली. ते आता बंद आहे. खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि हातात पैसे नव्हते. पुढे नोकऱ्या, लग्नं, मुलांच्या शाळा यात ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

घणसोलीच्या मैत्रिणीने मात्र नायट्रोचा ध्यास सोडला नव्हता. तिथला हा सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत आणि पाच ठिकाणी माणूस पूर्ण उलटा होतो. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. त्याच्या डब्यांना तळच नाही, पाय हवेत लोंबकळत राहतात. हे सगळं मला तिच्याकडूनच कळलेलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, रविवारीसुद्धा अर्धा दिवस ड्युटी. त्या रविवारसाठी तिने बिनपगारी रजा घेतली होती.

आमच्या ग्रुपचे पैसे कायम माझ्याकडे जमतात. महापेला एका कंपनीत मी अकाउंट्स बघते, त्यामुळे हिशेब मीच ठेवायचा हे न बोलता ठरलेलं. फसले तेव्हा माझे एकटीचे पैसे गेले नाहीत, सात जणींनी विश्वासाने दिलेले गेले, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

जाहिरातीत पार्कचा लोगो होता, नायट्रोचा फोटो होता आणि माणशी १,१५० रुपयांत प्रवेश आणि जेवण, आठ किंवा जास्त जणांच्या ग्रुपलाच, असं लिहिलं होतं. जाहिरातीवर बोट ठेवलं की एक वेबसाइट उघडायची. तिथे रांगा, राइड्स, वेळा, सगळं नीट मांडलेलं. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह. मी नवऱ्याला म्हटलं, कुलूप आहे म्हणजे खरी साइट आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप लागतंच. पुढे माझ्या दिराने ती साइट कधी नोंदवली ते तपासलं. आम्ही पैसे भरले त्या दिवशी तिला अकरा दिवस झाले होते. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. गूगलवर ‘हूइज’ असं शोधायचं, त्यात साइटचा पत्ता टाकायचा, नोंदणीची तारीख समोर येते.

तिथून मी व्हॉट्सॲपवर गेले. ‘बिझनेस अकाउंट’ असं वर लिहिलेलं. तसं खातं तुम्ही-आम्ही कुणीही उघडू शकतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. समोरचा माणूस शुद्ध मराठीत लिहीत होता, प्रत्येक वाक्यात ताई. ‘ताई, सोबत लहान मुलं आहेत का? उंचीचा नियम आहे, आधीच सांगून ठेवतो.’ ‘ताई, जैन जेवण लागेल का?’ इतकी काळजी करणाऱ्या माणसाबद्दल मनात शंका येत नाही. त्याने घाईसुद्धा केली नाही. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर ग्रुप दुसऱ्याला देतो, एवढंच म्हणाला.

मग पैशांची वेळ आली. त्याने नंबर पाठवला आणि लिहिलं, ‘कंपनीचं खातं आज मेंटेनन्सला आहे, अकाउंट्सच्या मॅडमच्या नंबरवर टाका, पावती कंपनीचीच येईल.’ मी नंबर टाकला, ९,२०० लिहिले. पिनच्या आधीच्या स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. साधं नाव आणि आडनाव, पुढे-मागे कंपनीचा पत्ता नाही. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि ‘अकाउंट्सच्या मॅडम’ असं मनातल्या मनात म्हणून पिन टाकला.

तुम्ही पण एवढं एकच बघा. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याच्या बँक खात्यावर जे नाव आहे तेच दाखवावं लागतं. कुणी स्वतःला काहीही म्हणवून घेतलं किंवा क्यूआरच्या खाली कंपनीचं नाव छापलं, तरी पिनच्या आधीच्या स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. एवढ्या मोठ्या पार्कचे पैसे कधीही कुणा बाईच्या किंवा बुवाच्या वैयक्तिक खात्यात जात नाहीत. नोकरीत मी रोज हेच करते. पार्टीचं नाव आणि खात्याचं नाव जुळलं नाही तर पेमेंट अडवून ठेवते. घरच्या पैशांच्या वेळी तीच सवय बाजूला राहिली.

दहा मिनिटांत पीडीएफ आली. आठ पानं, प्रत्येकावर एकेकीचं नाव, तारीख, खाली क्यूआर. मी ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून घेतल्या आणि फाइलला लावल्या.

रविवारी सकाळी साडेसहाला तीन टाकीच्या स्टॉपवरून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. वाशीत दोघींना घेतलं, नेरुळच्या पुलाखाली एकीला, मग सायन-पनवेल रस्त्याने कळंबोली आणि तिथून एक्स्प्रेसवे. ऐरोलीच्या मैत्रिणीने डबाभर कांदेपोहे आणलेले. खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागलो तेव्हा लांबूनच नायट्रोचा वळसा दिसला आणि घणसोलीकरीण एकदम गप्प झाली. खिडकीला कपाळ टेकवून नुसती बघत होती.

गेटवर पहिली प्रिंट मीच पुढे केली. त्या मुलाने स्कॅनर लावला, यंत्राने वेगळाच आवाज केला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या मैत्रिणीचं तिकीट लावलं, तेच. मग त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि मला दाखवले. ‘मॅडम, हे बघा. दोन्हीवर क्यूआर एकच आहे.’ मी फाइल उघडली. खरंच. नावं आठ, क्यूआर एकच. चौकोनाच्या उजव्या अंगाला, खालून तिसऱ्या ओळीत काळ्या ठिपक्यांचा एक उलटा ‘एल’ दिसत होता. तो आठही पानांवर जिथल्या तिथे होता. चार दिवस ही फाइल माझ्या टेबलावर होती. दोन पानं शेजारी ठेवून एकदासुद्धा बघितली नाहीत.

‘हे तिकीट एका माणसाचं आहे आणि गेल्या रविवारीच वापरलं गेलंय,’ तो म्हणाला. म्हणजे कुणाचं तरी खरं, वापरून झालेलं तिकीट उचलून त्याच्यावर आमची नावं चिकटवली होती. त्या मुलाने आमच्यावर आवाज चढवला नाही, बाजूला सावलीत उभं राहायला सांगितलं. मागच्या रांगेतले लोक मात्र बघत होते. त्या बघण्याने अंगावर येणारी शरम आणि ‘आता लगेच काहीतरी करायला पाहिजे’ ही घालमेल, पुढचं सगळं त्यातून घडलं.

मी त्या ताई-ताईवाल्याला फोन लावला. मला वाटलं होतं फोन बंद असणार. दुसऱ्या रिंगला उचलला. मला तिथेच धीर आला, चोर असता तर फोन उचलला असता का? ‘ताई, खूप सॉरी, सिस्टीममधून जुनी फाइल गेली वाटतं. तुम्ही उन्हात उभ्या राहू नका. रिफंड आत्ता टाकतो, तुम्ही खिडकीवर तिकीट काढून आत जा.’ नेरुळच्या मैत्रिणीच्या नंबरवर त्याने क्यूआर पाठवला, खाली लिहिलेलं ‘रिफंड ९२००’. ‘ज्या फोनवरून पैसे गेले त्याच फोनवरून स्कॅन करा, म्हणजे त्याच खात्यात परत येतील.’ तिने तिचा मोबाइल माझ्यासमोर धरला, ऊन पडत होतं म्हणून वर ओढणीची सावली केली. मी स्कॅन केलं. रक्कम आधीच भरलेली होती. पिन टाकला.

‘अगं, पैसे येणार असतील तर पिन कशाला?’ नेरुळची म्हणाली. ती हे म्हणाली तेव्हा माझ्या फोनवर हिरवी खूण आली होती आणि लगेच बँकेचा मेसेज वाजला. ९,२०० डेबिट.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे पैसे द्यायला तुमची सही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईला मीच शिकवलंय. पण रांगेतल्या नजरा, सात जणींचे पैसे, घणसोलीकरणीची बिनपगारी रजा, हे सगळं एकदम डोक्यात असताना माहीत असलेलं हाताशी येत नाही. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. आम्ही गेटवर अडकणार, घाबरणार आणि त्यालाच फोन करणार, हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं. म्हणून तर फोन चालू होता.

पुढचा क्यूआर दोन्ही मिळून १८,४०० चा आला. ‘ताई, मघाचं रिव्हर्स झालं, आता एकदम टाकतो.’ कळव्याच्या मैत्रिणीने माझ्या फोनवर सरळ हात ठेवला आणि तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला. तिने ते केलं नसतं तर मी स्कॅन केलं असतं. हे मी खरं सांगतेय.

१९३० ला फोन करायचं तिनेच सुचवलं. सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा नंबर आहे. त्यांनी विचारलेल्या गोष्टी अशा: कुठली बँक, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, समोरच्याचा नंबर आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. हा यूटीआर बारा आकडी असतो आणि यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. आम्ही फुटपाथवर बसून एकीने आकडे वाचले, एकीने कागदावर लिहिले. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण भरली आणि तिचा क्रमांक जपून ठेवला. बँकेलाही तिथूनच कळवलं. दुसरा व्यवहार होऊन तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती, पहिल्याला चार दिवस.

फरक त्या वेळेचाच पडला. दुसऱ्या ९,२०० पैकी ६,३०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेले. पहिल्या ९,२०० मधला एक रुपयाही सापडला नाही. ते त्याच रात्री खात्याखात्यांतून पुढे निघून गेले होते. सोमवारी पोलीस ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या ताईंनी व्हॉट्सॲपचं संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून मागितलं, सोबत क्यूआरचे स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट आणि त्या आठ प्रिंट. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी अशा प्रकरणांत लागतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. रागाच्या भरात चॅट डिलीट करणाऱ्या खूप जणी येतात, असंही त्या म्हणाल्या. मीही त्याचा नंबर गेटवरच ब्लॉक करून चॅट उडवणार होते, मैत्रिणींनी अडवलं म्हणून चॅट वाचला. कृपा करून काही उडवू नका. गोठवलेली रक्कम सोडवायचा अर्ज दिलाय, अजून पैसे हातात आलेले नाहीत.

त्या दिवशी आम्ही आत गेलोच नाही. खिडकीवर आठ तिकिटं काढायला आता कुणाचं मन आणि कुणाचे पैसे राहिले नव्हते. भिंतीपलीकडून नायट्रो वर चढताना साखळीचा कटकट आवाज यायचा, मग एक क्षण शांतता, मग किंकाळ्या. घणसोलीकरीण तीन-चार फेऱ्या होईपर्यंत तशीच उभी राहून ऐकत होती. परतीच्या गाडीत कुणी मला एक शब्दसुद्धा बोललं नाही, उलट ऐरोलीवाली उरलेले पोहे वाढत राहिली. मला त्यानेच जास्त रडू आलं.

डिसेंबरच्या पगारातून मी सगळ्यांचे १,१५० परत केले. सहा जणींनी खूप भांडून घेतले. घणसोलीकरणीने घेतले नाहीत. म्हणाली, ते माझ्या नायट्रोसाठी बाजूला ठेव. ते पैसे वेगळ्या पाकिटात ठेवलेत. आता मे महिन्यात मुलांना घेऊन जायचं ठरतंय आणि तिकिटं पार्कच्या खिडकीवरच काढायची आहेत.

परवाच्या त्या नव्या पानाखाली एका मुलीने विचारलंय, ‘आम्ही बारा जणी आहोत, जमेल का?’ मी तिला मेसेज टाकलाय आणि पानाची तक्रारही केली आहे. तुमच्या ग्रुपवर ही जाहिरात आली असेल तर पैसे पाठवायच्या आधी पिनच्या आधीच्या स्क्रीनवर कुणाचं नाव येतंय ते मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू जाईल असं.