दिवस गेले आहेत आणि निर्णय व्हायचा आहे: कोल्हापुरातून पहिला फोन कोणाला करावा?

पाळी चुकली आहे, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या आहेत आणि गर्भ ठेवायचा की नाही हे अजून ठरलेले नाही, अशा स्त्रीला फोनवर तीन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात: वैद्यकीय माहिती, मनाला आधार आणि क्वचित प्रसंगी संरक्षण. या तिन्ही गोष्टी एकाच क्रमांकावर सारख्याच चांगल्या मिळत नाहीत, म्हणून त्यांची तुलना करणे उपयोगाचे आहे. कोणताही फोन लावण्याआधी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख कागदावर लिहून ठेवावी. गर्भाचे आठवडे त्या तारखेपासून मोजतात, संबंध आलेल्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे आपल्याला वाटतात त्यापेक्षा साधारण दोन आठवडे अधिक भरतात.

राज्याच्या १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकाचा उपयोग माहितीपुरता चांगला आहे. कोणती तपासणी करावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे तेथे विचारता येते. मात्र बोलणारी व्यक्ती दर वेळी निराळी असू शकते, आणि जिला आपली घालमेल कोणीतरी सावकाश ऐकून घ्यावी असे वाटते तिला हे संभाषण कोरडे वाटण्याची शक्यता आहे. तिच्यासाठी १४४१६, म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी सेवा, अधिक योग्य आहे. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी हाच क्रमांक लावावा. गोळ्या घ्याव्यात का, हा प्रश्न मात्र तिथला नव्हे. नवरा किंवा सासरची माणसे एखाद्या निर्णयासाठी मारहाण करीत असतील किंवा धमकावत असतील, तर १८१ हा महिलांसाठीचा, आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर १०९८ हा क्रमांक उपयोगी पडतो.

गावातील आशाताई हा यांपेक्षा निराळा पर्याय. ती वाट दाखवते, प्रसंगी सोबतही येते, पण ती त्याच गल्लीतली असते; जिला गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही तिने हे तोलून पाहावे. भिंतींवरच्या व मोबाइलवरच्या ‘मोफत मदत’ छापाच्या जाहिरातींबाबत मी अधिक कडक आहे. समोरच्याला सरळ विचारावे: गर्भ ठेवणे, गर्भपात आणि मूल दत्तक देणे या तिन्ही मार्गांची माहिती तुम्ही देता का? उत्तर टाळले गेले, भीती घातली गेली किंवा तपासणीशिवाय गोळ्या घरपोच देण्याची भाषा झाली, तर फोन ठेवून द्यावा.

कोल्हापुरात एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली केवळ ८३९ होत्या. त्यानंतर लिंगनिदानाविरुद्ध झालेल्या प्रचाराचा ठसा इतका उमटला की ‘पिशवी धुऊन घेणे’, म्हणजे गर्भपात, हाच मुळात गुन्हा आहे असे अनेकींना वाटते, आणि त्या फोनवर विचारायलाही कचरतात. गुन्हा आहे तो १९९४ च्या कायद्याने बंदी घातलेले लिंगनिदान. गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी मुभा आहे, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे त्यांतील एक कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते आणि तेही ठरावीक परिस्थितींतच. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने आवश्यक नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी मात्र पालकांची लेखी संमती लागते. स्त्रीचे नाव अनधिकृतपणे उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूल जन्माला घालून दत्तक देण्याचा विचार असेल, तर त्याग बालकल्याण समितीपुढे करावा लागतो आणि फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. हा तपशील फोनवर आपण होऊन सांगितला जाईलच असे नाही, म्हणून मुद्दाम विचारावा.

फोनवरच्या सल्ल्याची मर्यादा सोनोग्राफीपाशी येते. गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे कोणताही समुपदेशक आवाजावरून सांगू शकत नाही, आणि गोळ्यांचा मार्ग नऊ आठवड्यांपर्यंतच व डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुला असतो. त्यामुळे मन ठरलेले नसले तरी तपासणी पुढे ढकलू नये. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे, हे सरकारी रुग्णालय आहे. गगनबावड्याकडून येणाऱ्या स्त्रीने जाण्यायेण्यात एक दिवस जाईल हे धरूनच बेत आखावा. पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर किंवा जोराचा रक्तस्राव असेल, तर समुपदेशनाचा फोन बाजूला ठेवून रुग्णवाहिकेचा १०८ लावावा. मोबाइल घरात सर्वांच्या हाती पडत असेल, तर बोलणे संपल्यावर कॉलच्या यादीतून तो क्रमांक काढून टाकावा आणि उलट फोन येणार असेल तर त्याची वेळ आधीच ठरवून घ्यावी.