जुना ट्रक घेताना: इनलाइन पंपाचा की कॉमनरेलचा?

अकरा-बारा टनी गटातली जुनी गाडी घ्यायची म्हटलं की सध्या दोन जातींपैकी एक समोर येते. एप्रिल २०१७ च्या आधीची बीएस-३ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष), इनलाइन पंपाची, म्हणजे पंपच प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपनं डिझेल मोजून देतो ती. नाहीतर त्यानंतरची, मार्च २०२० पर्यंतची बीएस-४, बहुतेक कॉमनरेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल जातं आणि ते किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो ती. माझ्या दारात तीन वर्षं दोन्ही उभ्या होत्या. एक अजून आहे.

माझी लाइन कोल्हापूर-गगनबावडा-वैभववाडी-कणकवली. जाताना मार्केट यार्डातून गूळ, कांदा-बटाटा, किराणा. येताना मिळाला तर चिरा (बांधकामाचा जांभा दगड), पावसाळ्यात भंगार. म्हणजे पुढचं सगळं घाटात राबणाऱ्या गाडीबद्दल आहे, हे धरून वाचा.

स्प्रिंगचे पाटे, किंगपिन, ब्रेक लायनर यांत दोघींत फरक नाही. चिऱ्याची भाडी मारली की मागचा मेन पाटा दोघींचाही तुटतो, आणि क्लच-प्रेशर प्लेटचा सेट मजुरीसकट बारा-पंधरा हजारांना बसतो. ते सोडून द्या.

फरक सुरू होतो पंपापासून. जुनी नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडते. कॉमनरेलमध्ये रेलमधला दाब सोळाशेपर्यंत जातो, त्यामुळे इंजेक्टरच्या आतल्या फटी केसाहून कितीतरी बारीक. डिझेलमध्ये थोडं पाणी आलं, फिल्टर बदलायचं महिनाभर पुढं ढकललं, की चारांतला एक तरी इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत, जास्त डिझेल सोडायला लागतो आणि सकाळी गाडी स्टार्टला खेळवते. मला एक नवा इंजेक्टर अठरा हजारांना पडला. दुसरा सात हजारांत रिपेअर करून घेतला, सहा महिन्यांत तोच पुन्हा काढावा लागला. इनलाइनवर चारही नोझल बदलले, पंप बेंचवर चढवून एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशन सगळं केलं, तरी वीस हजारांच्या आत भागलं. तेही पाच वर्षांत एकदा. आकडे माझ्या वर्कशॉपचे आहेत, तुमच्याकडे हजार-दोन हजार इकडंतिकडं होतील.

पण इंजेक्टरच्या बिलानं मी वैतागलो नाही. कॉमनरेल डिझेल कमी पिते, हे कबूल करायला हवं. ड्रायव्हरच्या वहीत इनलाइनचं ॲव्हरेज पावणेसहा, तिचं साडेसहा. महिन्याला चार हजार किलोमीटर धरले तर ऐंशी लिटर वाचतात. अडीच महिन्यांत एक इंजेक्टर त्यातच फिटला. घाट चढायलाही तीच हलकी.

वैताग आणला तो वायरिंगनं.

जुलैची रात्र, करूळ घाट, गाडीत कणकवलीचं भंगार. ड्रायव्हरचा फोन आला, "मालक, गाडी ओढंनाच झालीया. पिवळी बत्ती लागलीया." इंजिन चालू, ऑईल प्रेशर ठीक, पाणी ठीक, पण ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी माणसाच्या चालीनं. सेन्सरचा सिग्नल बिघडला की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन वाचवायला ताकद कमी करतो, तो आपलं काम करत होता. कशीबशी गगनबावड्यात आणली. तिथल्या मिस्त्रीनं केबिन उचलून बघितली आणि हात वर केले, "ह्याला स्कॅनर लागतोय." स्कॅनरवाला कोल्हापूरचा, पंचावन्न किलोमीटर लांब, तो सकाळी दहाला उगवला. दोष निघाला रेल प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये, पिनांवर हिरवट कीट चढलेलं. जुन्या टूथब्रशनं घासलं, फुंकर मारली, स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसला, गाडी चालू. सामान शून्य रुपयांचं. त्याचं येणं-जाणं आणि स्कॅनिंग साडेतीन हजार, वर दुसऱ्या दिवशीचं भाडं बुडालं.

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. त्या पावसाळ्यात चारदा झालं, दर वेळी वेगळा कनेक्टर. शेवटी एका इलेक्ट्रिशियननं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओढून काढलं. खाली वाळलेला, मैद्यासारखा बारीक काळा गाळ. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातही तोच. २०१९ च्या पुरात गाडी उभी असणार. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पूर्ण हार्नेस, म्हणजे सगळी वायरिंग, बदलायचा अंदाज चाळीस हजारांच्या पुढं गेला.

आता गंमत बघा. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुन्हा महामार्गावर आलं, तेव्हा माझी इनलाइनही चाकं बुडून वर छातीभर पाण्यात होती. डिझेल आणि सगळं ऑईल काढून टाकलं, स्टार्टर-अल्टरनेटर खोलून उन्हात वाळवले, हबांत नवं ग्रीस भरलं. चौदा हजार गेले आणि पठ्ठी भसाभसा धूर सोडत सुरू झाली. एका पुराची गाडी दुसरीशी तोलणं थोडं अन्यायाचं आहे, मान्य. कोरडी राहिलेली कॉमनरेल एवढी छळणारही नाही कदाचित.

इनलाइन रस्त्यात बंद पडत नाही असं नाही. एअर धरते, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. पण मग ड्रायव्हर तोंडात टॉर्च धरून फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करतो, हँड प्रायमर मारत राहतो. आधी फेस येतो, फेस थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. दहा मिनिटं, एक पाना.

तिची खोडी वेगळी. आधीच्या मालकानं पिकअपसाठी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलेलं असतं. काळा धूर, पीयूसीला कटकट, आणि घाटात तापून हेड गास्केट, पुढं हेडच. अर्ध्या इंजिनाच्या कामाला माझे साठ हजार गेलेत. शिवाय वय. आठ वर्षांनंतर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, वय वाढेल तशी फी वाढते, आणि फायनान्सवाले आधीच तोंड फिरवतात. म्हणून घ्यायचीच तर २०१५-१६ ची शोधा, २०११ ची स्वस्त मिळाली तरी नको. आणखी एक, बीएस-४ मधल्या काही गाड्यांत इनलाइन पंप ठेवून ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बसवलेलं होतं. अशी हाताला लागली तर मी दोनदा विचार करणार नाही. कागद वाचण्यापेक्षा वाकून पंप बघा.

पुणे-बेंगळुरू हायवेवर पळायचं असेल तर मात्र माझं ऐकू नका. तिथं स्कॅनर घेऊन येणारा माणूस तासाभरात मिळतो आणि ॲव्हरेजचा पैसा खरोखर हातात राहतो. दोन्ही बघायला सकाळी लवकर, इंजिन थंड असताना जा, आणि कोल्हापूर-सांगली पासिंगची गाडी असेल तर मॅट स्वतःच्या हातानं उचला.

माझी कॉमनरेल गेल्या दिवाळीत विकली, गाळाची गोष्ट सांगून आणि त्यापायी पन्नास हजार सोडून. घेणाऱ्यानं हार्नेस बदलून तिला बेंगळुरू लाइनला लावली. अधूनमधून फोन करतो आणि ॲव्हरेज सांगून मला चिडवतो. परवा सात म्हणाला.